पहिलं पिस्तूल: कोगनोळी नाक्याच्या अलीकडची तयारी

भाऊबीजेला बहिणीबरोबर निपाणीचा भाचा आला आणि चकली मोडायच्या आधीच विचारलं, "मामा, चांगलं ऑटोमॅटिक पिस्तूल कितीपर्यंत येतंय ओ?" त्याचा तंबाखूचा व्यवहार, हंगामात रोकड घेऊन फिरणं. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेला, म्हणून गावात काडतुसापासून कॅन्टीनच्या मिक्सरपर्यंत सगळं मला विचारतात. त्या दिवशी त्याला अर्धवट उत्तर दिलं. नंतर बसून जे सांगितलं ते इथं लिहितोय, कारण आपल्या भागात, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव-निपाणीकडं, हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

पहिली दुरुस्ती शब्दातच. ऑटोमॅटिक म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. तसलं हत्यार प्रतिबंधित आहे, त्याचं नावही अर्जात नको. आपण बोलतोय ते सेमी-ऑटोमॅटिक. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) मागे येऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढं जाताना मॅगझिनमधलं, म्हणजे मुठीत बसणाऱ्या डबीतलं, पुढचं काडतूस नळीत चढवते. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. हे शेवटचं 'चढवते' लक्षात ठेवा, खाली त्याच्यावर बरंच बोलायचं आहे.

दुसरं, कशाला हवंय ते स्वतःशी खरं बोला. खानापूरकडचे पाहुणे विचारतात तेव्हा बहुतेक वेळा दुखणं रानडुकराचं नाहीतर गव्याचं असतं. त्याला पिस्तूल उपयोगाचं नाही. पीक राखायचा परवाना वेगळा, तो लांब नळीच्या बंदुकीचा, आणि गव्याला हात लावलात तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. रोकडीसाठी हवं असेल तर आधी रोकड कमी होते का बघा. भाच्याला म्हटलं, आरटीजीएस कर की. म्हणाला, "मामा, शेतकरी पैसे हातात मोजून घेतल्याशिवाय तंबाखूचे बोद सोडत नाहीत." बरं, मान्य. पण हेच उत्तर अर्जात कागदानिशी लिहावं लागतं: व्यवसायाचा दाखला, आयकराची रिटर्न्स, पूर्वी धमकी किंवा लूट झाली असेल तर तक्रारीची प्रत. 'स्वसंरक्षणासाठी' एवढ्या एका शब्दावर परवाना निघत नाही.

मग दुकानाच्या आधी कचेरी. वय एकवीस पूर्ण हवं. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे शहरातल्यांचा अर्ज आयुक्तांकडे. निपाणी, चिकोडी, खानापूरवाल्यांचा डीसी (डेप्युटी कमिशनर, म्हणजे जिल्हाधिकारी) ऑफिसात, कारण तिथं जिल्हादंडाधिकारी म्हणजे डीसीच. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. अर्ज ए-१ नमुन्यात, त्याला जोडून हत्यार सुरक्षित हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचा शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, आणि हत्यार घरी नीट ठेवीन असं लेखी हमीपत्र. त्यानंतर ठाण्याची चौकशी. हवालदार शेजाऱ्यालाही विचारून जातो, म्हणून बांधाचं भांडण चालू असेल तर आधी मिटवा. थट्टा नाही करत.

आपल्याकडची खास अडचण नावाची. शाळेचा दाखला मराठीत, उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. तिन्हीकडे एकच माणूस तीन तऱ्हेनं लिहिलेला. भाच्याच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव बापाच्या जागी बसलंय. माझाच एक कागद नावातल्या एका अक्षरापायी दोन महिने एका टेबलावर पडून होता, आणि टेबलावरच्या माणसानं तेवढं सांगायला तिसरी खेप घालायला लावली. तेव्हा अर्ज करायच्या आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा, लागलं तर प्रतिज्ञापत्र करून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर येणाऱ्याला बसवून सगळा अर्ज वाचून घ्या, मग सही करा.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य, किंवा देश. पुण्या-सोलापूरच्या माणसाला 'राज्य' म्हणजे वर्षभर पुरून उरतं. आपल्याला? निपाणीतून निघालं की कोगनोळी नाका, त्याच्या पुढं कागल, आणि तिथं कर्नाटकाचं क्षेत्र संपलं. बेळगावातून वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की बाचीनंतर शिनोळी, महाराष्ट्र. चोर्ला घाटानं गेलं की गोवा. सोयरीक कोल्हापुरात, वसुली गडहिंग्लजात, दवाखाना मिरजेत. कंबरेला परवान्याचं पिस्तूल असलं तरी नाका ओलांडला की ते विनापरवाना. अशा हत्याराची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं, पाचपर्यंत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला दिल्लीत कितीही वर्षं चालो, नाक्यावरचा पोलीस परवान्यावरचं क्षेत्र वाचतो. म्हणून अर्ज करतानाच एक वही घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत कामासाठी कुठं कुठं गेलात ते लिहून काढा. भाच्यानं लिहिलं तेव्हा निम्म्याहून जास्त खेपा कागल-कोल्हापूरच्या निघाल्या. म्हणजे ज्या रस्त्यावर भीती, त्याच रस्त्यावर पिस्तूल घरी! देशभराचं क्षेत्र सहजी मिळत नाही, त्याला वेगळं कारण आणि वरची मंजुरी लागते. ते मिळणार नसेल तर या पैशात पिस्तूल घ्यायचं का, हा विचार इथंच करायचा.

क्षेत्राच्या आतही मोकळीक नाही. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार, इथं परवान्याचं हत्यारही न्यायचं नाही, ही अट परवान्यातच छापलेली असते. म्हणजे लक्ष्मीयात्रेला नाही, शिवजयंतीच्या चित्ररथांना नाही, गणपतीच्या मिरवणुकीला नाही. हलग्याला सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं किंवा एक नोव्हेंबर (त्यांचा राज्योत्सव, आपला काळा दिवस) जवळ आला की जमावबंदीचा आदेश निघतो, त्यात हत्यार बाळगायलाही बंदी असू शकते. तो आदेश वाचायची सवय ठेवा. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा करताना नंबरासकट पावती घ्या, तिचा फोटो काढा.

एवढं सगळं करूनही हवंच असेल तर निवड. ती तुम्हाला वाटते तितकी मोठी नाही. फौजेत माझ्या हातात ९ एमएम होतं, म्हणून गावातली पोरं त्याचंच विचारतात. ते नागरिकाला प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप). आपल्या वाट्याला मुख्यतः .३२ येतं. सरकारी कारखान्याचं 'अशनी' हे त्या बोअरचं पिस्तूल. आयुध कारखान्यांचं जुनं मंडळ २०२१ मध्ये मोडून सात कंपन्या झाल्या, हत्यारांची कंपनी कानपूरला. परदेशी नावाची जी पिस्तुलं डीलरकडे दिसतात ती बहुतेक जुनी, आयात बंद व्हायच्या आधी आलेली, आणि त्यांची किंमत हत्याराची नसून दुर्मिळपणाची. मध्यम बजेटवाल्यानं तिकडं बघूच नये. वॉल्थरसारख्या परदेशी नावावर तीन-चारपट पैसे घालून, मॅगझिनचा स्प्रिंग मोडला तर तो शोधत कुठं फिरणार?

.३२ म्हणताना एक गोम आहे. पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्वरचं .३२ ही काडतुसं वेगळी. पिस्तुलाचं आखूड, ७.६५ × १७ मिलिमीटर. रिव्हॉल्वरचं लांब, २३ मिलिमीटरच्या पुंगळीचं. आकडा तोच म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानातून निघायच्या आधी डबीवरचं नाव वाचा. काडतुसं आपल्या खडकीचीही असतात, बुडावर 'केएफ' कोरलेलं दिसेल. एका वेळी किती आणि वर्षाला किती घ्यायची तेही परवान्यावर असतं. रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, हिशेब विचारला जाऊ शकतो.

रिव्हॉल्वर की पिस्तूल, हा वाद पारावर रात्रभर चालतो. माझं मत सांगतो: सराव करणार नसाल तर पिस्तूल घेऊ नका. रिव्हॉल्वरचं काडतुसांचं चक्र बाजूला केलं की भरलेलं की रिकामं ते उघड दिसतं. पिस्तूल लपवतं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नव्या माणसाला वाटतं, आणि एक काडतूस नळीत चढून बसलेलं असतं. आमच्या युनिटमध्ये ड्यूटीवरून आल्यावर हत्यार वाळूच्या पेटीकडं तोंड करून रिकामं करायचा नियम होता. आमच्यातल्या एका हवालदारानं आधी स्लाइड ओढली, मग मॅगझिन काढलं, क्रम उलटा, आणि चाप ओढला. वाळू उडाली, दुसरं काही नाही. पण त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. क्रम असा: तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग नळीत डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून चाचपा. हा क्रम त्या हवालदाराला पाठ नव्हता असं नाही, घाई होती.

दुकानात गेलात की तेच करून बघा, डीलरच्या परवानगीनं. भाच्याला मी बरोबर नेलं तर तो आधी नेम धरून बघायला लागला. नेम राहू दे म्हटलं, स्लाइड ओढ. .३२ च्या साध्या पिस्तुलात नळी जागची हलत नाही, सगळा धक्का स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगच झेलतात, म्हणून स्प्रिंग ताठ असतो. उंदीर पकडल्यासारखं दोन बोटांनी ओढलं तर येत नाही. तळहात वरून टाकून घट्ट धरायचं आणि पिस्तूल पुढं ढकलायचं. दहा वेळा सलग ओढता आलं पाहिजे, घाम आलेल्या हातानंही. मग मूठ धरून बघा, पहिल्या बोटाचं पेर चापावर सहज पोचतंय का, सेफ्टी त्याच हाताच्या अंगठ्यानं वरखाली होतेय का. मॅगझिन आत घालताना खट् आवाज येऊन बसलं पाहिजे, काढताना हातात पडलं पाहिजे. त्याच्या तोंडाच्या दोन पत्र्यांच्या कडा वाकलेल्या असतील तर ते मॅगझिन नको, अडकण्याचं अर्धं दुखणं तिथं असतं. या काडतुसाच्या बुडाला बारीक कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढं आली पाहिजे, मागं अडकली तर ऐन वेळी मॅगझिन दगड होऊन बसतं. भरताना बोटाला ते कळतं, फक्त घाई नको.

जुनं घेत असाल तर नळीत उजेड धरून बघा. आतले पीळ स्वच्छ दिसले पाहिजेत, खड्डे नकोत. नंबर विकणाऱ्याच्या परवान्याशी एकेक आकडा जुळवा. घासलेला नंबर दिसला तर चहा न पिता उठा. 'गावठी' म्हणून दहा-वीस हजारांत मिळणाऱ्या वस्तूबद्दल एवढंच सांगतो की ती घेणाऱ्याच्या हातात फुटते किंवा त्याला आत घालते.

आणि सगळ्यात स्वस्त पहिलं पिस्तूल कधी कधी घरातच असतं. आपल्या गावांत फौजी घरं कमी नाहीत. वडील किंवा आजोबा परवानाधारक असतील, सत्तरी ओलांडली असेल किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं असेल, तर वारसाच्या नावानं परवान्याचा अर्ज करता येतो. मृत्यूनंतर तर येतोच. बाकी भावंडांची लेखी ना-हरकत आधी घ्या. जमिनीच्या वाटणीत ती हमखास आठवते.

पैशाचा हिशेब भाच्यानं फक्त पिस्तुलाचा धरला होता. पिस्तूल-रिव्हॉल्वरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला. म्हणजे मूळ भाव लाख असेल तर चाळीस हजार नुसता कर. त्यावर चाप पूर्ण झाकणारं चामड्याचं होल्स्टर (हत्यार उघडं मिरवायचं नाही), भिंतीला बोल्ट केलेली लोखंडी पेटी, काडतुसांना वेगळं कुलूप, तेल, ब्रश आणि सरावाच्या गोळ्या. पेटीची किल्ली देवघरात ठेवायची नाही. देवघर पोरांना सगळ्यात आधी सापडतं.

सरावाचीही गंमत बघा. पिस्तुलाचा नाद खरा कोल्हापूरचा, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं आणणारी राही सरनोबत तिथलीच, दुधाळीची रेंजही तिथंच. आणि आपला परवाना कोगनोळीला थांबलेला. म्हणून भाच्याला सांगितलं, आधी एअर पिस्तूल घे. ४.५ मिलिमीटरपर्यंतचं, २० जूलपर्यंत ताकदीचं, त्याला परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. दहा मीटरवर कागद लाव, मागं वाळूची पोती लाव, आणि रोज तीस गोळ्या.

सध्या निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं त्याचं तेच चाललंय. अर्ज अजून केलेला नाही, उताऱ्यावरचं आजोबांचं नाव बदलून यायचंय. परवा फोन आला, "मामा, दहातली सात काळ्यात बसायलीत." मी विचारलं, चाप ओढायच्या आधी बोट कुठं असतंय? थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बघून सांगतो."