दोराची गाठ आधी मैदानावर पक्की करा
धुळे-जळगावकडच्या एखाद्या महाविद्यालयात जिमखान्यातर्फे प्रस्तरारोहणाचा वर्ग निघाल्यास, नाव नोंदवण्यापूर्वी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि हेल्मेट-हार्नेसवरील (हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचा सुरक्षापट्टा) यूआयएए किंवा सीई ही सुरक्षा-मानकाची खूण पाहून घ्यावी; विचारण्यात संकोच कसला? धुळ्याजवळच्या लळिंगच्या परिसरातील कातळाकडे वळण्याआधी आठाची गाठ, म्हणजे दोर हार्नेसला बांधणारी आठच्या आकड्यासारखी गाठ, मैदानावरच इतकी घोटावी, की दोराचे दोन्ही पदर शेवटपर्यंत एकमेकांवर न चढता समांतर गेलेले दिसतील आणि बाहेर उरलेले टोक वीतभर तरी असेल. ही तपासणी जोडीदाराने गाठीवरून बोट फिरवून करावी, कारण नुसती नजर हमखास फसते. वर्ग शक्यतो हिवाळ्यातला निवडावा. खानदेशी उन्हाळ्यात काळा बेसाल्ट हाताला चटके देतो आणि पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरते.