घरातल्या सगळ्यांनी मिळून भुताचा पिक्चर बघायचाय? मग हे आधी ठरवा

भुताचा पिक्चर सगळ्यांनी एकत्र बघायची मजा खरंच वेगळी आहे, पोरं एकमेकांच्या अंगावर, आजी "बंद करा रे ते" म्हणत स्वतः मात्र हलत नाही, कोणीतरी किंचाळतं आणि मग सगळे हसतात. पण बऱ्याच घरांत हे घडतच नाही. एकतर "हॉरर? मुलांसमोर अजिबात नको" असं ठरलेलं असतं, नाहीतर कोणीतरी दादा-काका काहीही लावून देतो आणि पुढचा आठवडाभर पोरगं एकटं बाथरूमला जात नाही. दोन्ही टाळता येतं हो. फक्त पिक्चर निवडायच्या आधी आपल्या घरात कोण कशाला घाबरतं ते बघा.

सगळ्यात लहान मेंबरपासून सुरुवात करा. साधारण सात-आठ वर्षांच्या आतली मुलं जे डोळ्यांना दिसतं त्याला घाबरतात, म्हणजे दात, वेडावाकडा चेहरा, चांगल्या माणसाचं अचानक राक्षसात रूपांतर. मग ते पात्र गोष्टीत कितीही प्रेमळ असो, फरक पडत नाही. दहा-बारा वर्षांची मुलं उलट असल्या चेहऱ्यांना हसतात पण "हे आपल्या घरी होऊ शकतं" असं वाटलं की टरकतात, म्हणजे घरात शिरलेला माणूस, हरवलेलं मूल, आई-बाबांना काहीतरी होणं वगैरे. म्हणून एकाच घरातल्या दोन भावंडांना एकच सीन अगदी वेगळा लागतो. आणि म्हणूनच "अगं ते खोटं असतं, मेकअप आहे" हे मोठ्या मुलाला पटतं, पाच वर्षांच्या मुलीला नाही पटत, तिला मांडीवर घ्यायचं, पाणी द्यायचं, लाइट लावायचा, एवढंच काम करतं.

आता सर्टिफिकेट. ओटीटीवर 2021 च्या नियमांपासून यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए असं लिहिलेलं येतं, थिएटरच्या पिक्चरनाही आता यूए मध्ये असेच वयाचे टप्पे आलेत. ते बघाच, पण त्यावर सोडून देऊ नका. आणि जुन्या अमेरिकन पिक्चरवर पीजी (म्हणजे मुलांनी आई-बाबांच्या सल्ल्याने बघावा) दिसलं म्हणून तर अजिबात निर्धास्त होऊ नका, कारण तिकडे पीजी-13 (तेराच्या आतल्या मुलांसाठी जास्त कडक इशारा) हा प्रकारच 1984 ला आला, त्याआधी 1975 चा 'जॉज' आणि 1982 चा 'पोल्टरगाइस्ट' दोन्ही पीजीच होते! सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आदल्या रात्री स्वतः बघणं. पूर्ण वेळ नसेल तर पहिली वीस मिनिटं आणि शेवटची वीस मिनिटं तरी बघा, आणि आयएमडीबीवर पालकांसाठी जे वेगळं पान असतं ते वाचा, कुठला सीन कसा आहे ते लोक तिथे बऱ्यापैकी नीट लिहितात.

अगदी लहान मुलं असतील तर 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया' (2012) ने सुरुवात करा, ड्रॅक्युला आहे पण तो मुळात मुलीच्या काळजीने वेडा झालेला बाप आहे, मुलांना भुतांच्या दुनियेची नुसती ओळख होते. त्यानंतर 'भूतनाथ' (2008). गोव्यातलं घर, अमिताभचं भूत आणि न घाबरणारा बंकू. इथे एक सांगते, पहिला भाग हसवतो पण पुढे पिक्चर रडवतो, म्हातारपणी मुलाने सोडून जाणं, मरण, श्राद्ध असं सगळं येतं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर सध्या हा ठेवून द्या.

सात-आठच्या पुढे 'मकडी' (2002) दाखवाच. विशाल भारद्वाजचा, शबाना आझमी चेटकीण, आणि चुन्नी-मुन्नी या जुळ्या बहिणी एकट्या श्वेता बसू प्रसादने केल्यात, त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. भीती खरी आहे, चेटकीण माणसांची जनावरं करते म्हणतात, पण सगळी सूत्रं एका लहान मुलीच्या हातात आहेत, आणि मुलांना भीती झेपते ती अशाच पिक्चरमध्ये जिथे त्यांच्याच वयाचं कोणीतरी काहीतरी करू शकतं. हे माझं ठाम मत आहे. पिक्चर निवडताना मी रक्त किती याच्याही आधी हेच बघते, लहान पात्राच्या हातात काही आहे की ते नुसतं ओरडतंय.

आणि मग अर्थातच 'झपाटलेला' (1993). मराठी घरात हा टाळून कसं चालेल. आई-बाबांना पाठ, आजोबांना लक्ष्या आवडतो, सगळ्यांचा पिक्चर. पण आपल्याला तो विनोदी वाटतो कारण आपण शंभरदा बघितलाय, पहिल्यांदा बघणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला घरातली बाहुली सुरी घेऊन चालते हे भयंकर वाटतं. यावर एक छान उपाय आहे, आधी रामदास पाध्येंच्या बोलक्या बाहुल्यांचा व्हिडिओ दाखवा, तात्या विंचूचा बाहुलाही त्यांनीच बनवलाय. बाहुलीचं तोंड कसं हलतं, आवाज कोण काढतं हे एकदा कळलं की मुलं पिक्चरभर "आता हात कुठे असेल" तेच शोधत बसतात. आणि त्या रात्री झोपायच्या खोलीतल्या मोठ्या बाहुल्या बाहेर ठेवा, न विचारता.

'कोरालाइन' (2009) बद्दल जरा थांबून सांगते, कारण कार्टून दिसतं म्हणून लोक चार वर्षांच्या मुलांना लावून देतात. प्लीज नको. डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली दुसरी आई, ती आधी लाड करते आणि मग बदलते, लहान मुलाला याहून मोठी भीती नाही. नऊ-दहाच्या पुढे मात्र अप्रतिम आहे.

'मुंज्या' (2024) कोकणातला म्हणून आजी-आजोबांनाही बघायचा असतो, पिंपळावरच्या मुंज्याच्या गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकलेल्या असतात. पण सुरुवातीलाच लहान बहिणीचा बळी द्यायचा प्रकार आहे, त्यामुळे तेराच्या आत नको. 'स्त्री' (2018) मध्ये भुतापेक्षा अडचण जोक्सची, सासू-सासऱ्यांसोबत बसून सगळे भिंतीकडे बघतील असे काही सीन आहेत. 'भूल भुलैया' (2007) बारा-तेराच्या मुलांसोबत चांगला, शेवटी भूत नसून आजार निघतो आणि त्यावर बोलता येतं. 'तुंबाड' (2018) कितीही आपला वाटला तरी त्याला ए सर्टिफिकेट आहे, साखळदंडातली ती म्हातारी मुलांना दाखवू नका, मोठ्यांनी नंतर बघा.

बघायची वेळ संध्याकाळी पाच-सहाची ठेवा म्हणजे पिक्चर संपल्यावर जेवण, गप्पा, भांडणं सगळं होऊन मग झोप येते. पूर्ण अंधार नको, एक दिवा राहू द्या. आवाजाचं मात्र बहुतेक लोक विसरतात, दचकायला होतं त्यातलं निम्मं काम आवाजच करतो, कुजबुज ऐकू यावी म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि पुढच्या सेकंदाला धाडकन येतं. बऱ्याच टीव्ही आणि साउंडबारमध्ये नाइट मोड असतो, तो लावला की मोठे आवाज दबतात, सबटायटल चालू केली की व्हॉल्यूम कमी ठेवूनही भागतं.

रिमोट सगळ्यात जास्त घाबरणाऱ्याच्या हातात द्या. खरंच द्या, तो उगाच थांबवत नाही, थांबवता येतं एवढं कळलं तरी पुरतं. मधेच उठून किचनमध्ये गेला तर जाऊ द्या, आणि "भित्रा" म्हणून चिडवायचं नाही हे चुलत-मावस भावंडांना आधीच बजावून ठेवा, सुट्टीत दहा पोरं जमली की हीच गोष्ट सगळ्यात जास्त बिघडवते. दुसऱ्या दिवशी मुलाने तोच पिक्चर परत मागितला तर लावा, कुठे दचकायचं ते माहीत असताना बघणं मुलांना फार आवडतं, आणि लगेच त्याहून भीतीदायक काहीतरी शोधायची घाई करू नका.