क्लॅरिनेटची बेल बदलताय? आधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात ऐरोलीहून माझ्याकडे नौपाड्याला शिकायला येणारा एक विद्यार्थी परदेशी बेलचा (क्लॅरिनेटच्या खालच्या टोकाच्या कर्ण्यासारख्या भागाचा) फोटो दाखवत म्हणाला, "सर, कोकोबोलो लाकडाची आहे, ४० हजार. खालचा ई सूर नीट लागतच नाही माझा. घेऊन टाकू?" मी म्हटलं, आधी क्लॅरिनेट बाहेर काढ.

हा प्रश्न वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. बेल बदलल्याने आवाज सुधारतो का? काही सुरांपुरता, थोडासा, हो. पण तेवढ्यासाठी एवढे पैसे मोजण्याआधी लोक कुठे चुकतात, ते सांगतो.

मधले सूर वाजवून बेल जोखणे

दुकानात बहुतेक जण नवी बेल लावली की आपली आवडती धून वाजवतात. ती असते मधल्या पट्टीत, आणि तिथे बेलचं काम फारसं नसतंच. क्लॅरिनेटची नळी सनईसारखी निमुळती नाही, बरीचशी सरळ आहे, आतून साधारण १५ मिलिमीटर. त्या सुरांचा आवाज मुख्यतः पहिल्या काही उघड्या भोकांतूनच बाहेर पडतो. साधारण १५०० हर्ट्झच्या वरचे स्वरांश (सुरात मिसळलेले वरचे बारीक सूर) मात्र उघडी भोकं ओलांडून बेलपर्यंत पोचतात, म्हणून इतर सुरांवरही तिची हलकी छटा उमटते.

घरी करून पाहा. सगळी बोटं सोडून मोकळा जी वाजवा आणि कुणाला तरी बेलमध्ये हातरुमाल कोंबायला सांगा. फरक शोधावा लागेल. आता सगळ्यात खालचा ई वाजवा, सूर घुसमटेल. कारण या सुराला सगळी भोकं बंद असतात आणि बेलशिवाय वाटच नसते. तीच बोटं ठेवून रजिस्टर कळ (डाव्या अंगठ्याची, सूर वर नेणारी) दाबली की मिळणारा मधला बीसुद्धा बेलचाच. म्हणून बेल घ्यायची तर खालचे ई, एफ आणि मधले बी, सी एवढे सूर ट्यूनर लावून तपासा.

गळती न तपासता बेलला दोष देणे

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. खालचे सूर नळीभरच्या सगळ्या पॅडवर (कळांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्यांवर) अवलंबून असतात. एक पॅड किंचित उचललेलं राहिलं तरी खालचा ई अडखळतो, आणि बेल शेवटी असल्यामुळे संशय तिच्यावर जातो.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हा त्रास हमखास वाढतो. लाकूड फुगतं, पॅडची पातळ कातडी ओल धरते, जोडाचे कॉर्क घट्ट होतात. घोडबंदर रोडवरच्या एसी खोलीतून वाद्य काढून दमट लोकलमध्ये नेलं की एका तासात दोन हवा बघतं ते.

तपासणी सोपी आहे. फक्त खालचा जोड (नळीचा बेलजवळचा अर्धा भाग) घ्या, सगळी भोकं आणि कळा बंद धरा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. ओढलेली पोकळी काही सेकंद टिकली पाहिजे. टिकली नाही तर सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी एकेका पॅडखाली ठेवून कळ बंद करा आणि हळूच ओढा. पट्टी कुठूनही सैल निघाली तर गळती तिथे आहे.

माझ्या विद्यार्थ्याचं दुखणं याहून बारीक होतं. खालच्या ईची कळ दाबली की एका छोट्या धातूच्या पट्टीमुळे शेजारचं एफचं मोठं पॅडही आपोआप बंद व्हायला हवं. मी त्याला ई वाजवताना उजव्या करंगळीने एफची कळही दाबायला सांगितली. सूर लगेच स्पष्ट लागला. म्हणजे ती पट्टी जरा वाकली होती आणि एफचं पॅड अर्धवट उघडं राहत होतं. ही खूण लक्षात ठेवा, फार उपयोगी पडते. पट्टी स्वतः पक्कडीने वाकवू नका, मोडते. ते काम कारागिराचं.

लाकडाच्या नावावर भुलणे

ग्रेनॅडिला, कोकोबोलो, रोजवूड अशी नावं ऐकली की मन हरखतं, मीही हरखलोय. पण अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाद्याच्या भिंतीच्या कंपनाचा ऐकू येणाऱ्या सुरावर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. फरक पडतो तो आतल्या आकाराने: घेर कसा वाढतो, लांबी किती, जोडाशी व्यास जुळतो का. जाड बेलचं वजनही उजव्या अंगठ्यावर येतं, ते वेगळंच.

बेल थोडी ओढून सूर जमवण्याची सवयही अनेकांना असते. ओढली की ई आणि बी दोन्ही उतरतात. बऱ्याच क्लॅरिनेटमध्ये ई मुळात उतरलेला असतो, त्यामुळे चढा बी सुधारताना ई आणखी बिघडतो. या दोघांमधलं अंतर आतल्या आकारावर ठरतं, आणि नवी बेल खरंच काही देऊ शकते ती इथेच.

थंड वाद्यावर, एकट्याच्या कानाने ठरवणे

एसीतून काढलेल्या वाद्याचं वरचं टोक श्वासाने लवकर तापतं, खालचं मागे राहतं. पंधरा मिनिटं वाजवल्याशिवाय खालच्या सुरांवर मत बनवू नका. मग कुणाला तरी तुमच्या पाठीमागे उभं राहून बेल बदलायला सांगा. कोणती लावली ते तुम्हाला कळू देऊ नका आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून ध्वनिमुद्रण करा. रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी) तीच हवी, बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) तोच. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर निकाल कशाचा ते सांगता येत नाही.

पैसे हातात असतील तर आधी चांगला माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि आलटूनपालटून वापरायला तीन-चार रीड घ्या. तो फरक प्रत्येक सुरात ऐकू येईल.

त्या विद्यार्थ्याच्या क्लॅरिनेटमध्ये कारागिराने पट्टीखाली कॉर्कचा एक पातळ तुकडा चिकटवला. पुढच्या शिकवणीला त्याने जुन्याच बेलवर खालचा ई आठ मात्रा धरला.