बाळासाठी ट्राय करताय? आधी टपरीवरचं खातं बंद करा

बायकोच्या सोनोग्राफ्या, रक्ताच्या टेस्ट सगळं होऊन जातं आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी झालेली नसते, हे पुण्यात चांगल्या शिकलेल्या घरांतपण दिसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा. टेस्टच्या आधी २ ते ७ दिवस वीर्यपात नको. सॅम्पल घरून न्यायचं तर तासाभरात पोचायला लागतं, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासाची गॅरंटी कोण देणार, त्यापेक्षा लॅबमध्येच द्या.

मग कॅलेंडरवर आजच्या तारखेला गोल करा. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर यायच्या लायकीचे व्हायला एक-दोन आठवडे, म्हणजे आज तंबाखू-दारू सोडलीत तर फरक बघायला तीन महिने धरा. आठवडाभर सिगरेट बंद ठेवून टेस्ट करण्यात काही अर्थ नाही.

आता तंबाखू. धुरातलं कॅडमियम, निकोटिन वगैरेमुळे शुक्राणूंची संख्या कमी होते, ते नीट पोहत नाहीत, आतला डीएनएसुद्धा तुटतो. आणि रक्तवाहिन्या खराब होतात त्यामुळे ताठरतेची बोंब, ती वेगळीच. "मी ओढत नाही, फक्त मावा खातो" म्हणणाऱ्यांनी खूश होऊ नये, निकोटिन त्यातूनपण रक्तात जातंच. सोडताना चहाची टपरीच बदला, कारण खरी सवय तिथल्या कटिंगला आणि मित्रांना चिकटलेली असते. तलफ आली की पाच-दहा मिनिटं कशीतरी काढा, ती ओसरते. निकोटिन गम च्युइंगमसारखा चघळत बसू नका, थोडा चावायचा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फुकट सल्ला मिळतो.

दारूचं गणित प्रमाणावर आहे. रोज भरपूर पिणाऱ्याचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, शुक्राणू घटतात, आणि बियरपण दारूच आहे बरं का. पण रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, हात थरथरतात, फिट येऊ शकते, आधी डॉक्टरांना विचारा. व्यसनच असेल तर येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून.

जिमवाल्याच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका, त्याने शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

तीन महिन्यांनी परत टेस्ट, शक्यतो त्याच लॅबमध्ये. बायकोचं वय पस्तिशीपुढे असेल तर मात्र तेवढं थांबू नका, सोडणं चालू ठेवून दोघं एकत्रच डॉक्टरांकडे जा.