चित्राच्या कडेची ओळ वाचा, मगच ब्लोअर काढा

द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची) उरकली. बागा कुठे पोंग्यात (डोळे फुटताना), कुठे दोड्यात (कळीचा घड दिसताना), आगाप असतील त्या फुलोऱ्यात. इथून पुढचे काही आठवडे डाऊनीचे, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाचे. नेमकं याच दिवसांत गावोगावच्या ग्रुपवर उपग्रहाचं रंगीत चित्र फिरायला लागतं. महाराष्ट्रावर पांढरा-लाल पट्टा, खाली कुणीतरी लिहिलेलं ‘सावधान’. लगेच सगळ्यांचे ब्लोअर (ट्रॅक्टरवरचे फवारणी पंप) एका सकाळी बाहेर, औषध दुकानापुढे गर्दी. आणि ज्या रात्री खरंच घात होतो, त्या रात्री चित्र ‘मोकळं’ दिसतं म्हणून मंडळी निवांत झोपतात.

या एका हयगयीनं बागा जाताना पाहिल्यात, म्हणून दरवर्षी तेच सांगतो. हवामान विभागाच्या उपग्रह चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत एक ओळ असते: उपग्रहाचं नाव, चॅनेल (चित्र कोणत्या किरणांत घेतलं ते), तारीख, जीएमटी म्हणजे ग्रीनिचची वेळ, आयएसटी म्हणजे आपली भारतीय वेळ. पुढे पाठवणारा नेमकी तीच कापतो. ओळ नसलेलं चित्र बघून फवारणीचा निर्णय घेऊ नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.

आधी वेळ. काही ॲपवर फक्त जीएमटी किंवा यूटीसी (दोन्ही एकच) लिहिलेली असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा. १०:४५ जीएमटी म्हणजे आपल्याकडे दुपारचे सव्वाचार. तेच चित्र रात्री पावणेअकराचं समजून वाचलं की सगळं गणित फसलं, कारण एखाद्या गडगडाटी ढगाचा जन्म ते शेवट तास-दोन तासांत उरकतो. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे उपग्रह दर अर्ध्या तासाला नवीन चित्र देतात, ते विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. मग सकाळचं चित्र संध्याकाळी कशाला बघायचं?

आता चॅनेल. खरी फसगत इथे आहे. ग्रुपवर येतं ते बहुतेक वेळा इन्फ्रारेड, म्हणजे टीआयआर-१. हे चित्र ढगाची जाडी सांगत नाही, माथ्याचं तापमान सांगतं. जितका थंड माथा, तितका पांढरा. आठ-दहा किलोमीटर उंचीवरचा पिसारी ढग, ज्यातून थेंब खाली येत नाही, तोही पांढराफेक दिसतो आणि गारांचा ढगही पांढराफेक. रात्री चंद्राला खळं पडतं ते याच उंचावरच्या पातळ ढगामुळे. व्हिजिबल चित्र म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसेल तसं, उन्हात घेतलेलं. रात्री ते काळं, त्याचा उपयोग नाही.

म्हणून दिवसा दोन्ही चित्रं एकाच वेळेची घ्या आणि शेजारी ठेवा.

इन्फ्रारेडमध्ये पांढरा, व्हिजिबलमध्ये विरळ, खालची जमीन दिसते: पिसारी ढग. ब्लोअर शेडमध्येच राहू द्या. माझा अनुभव एवढाच, की असे ढग सलग दोन दिवस पश्चिमेकडून येत राहिले आणि रात्रीचा गारवा गेला, तर तिसऱ्या दिवशी सावध राहावं. हे शास्त्र म्हणून सांगत नाही.

दोन्हींत पांढरा, व्हिजिबलमध्ये माथा फुलकोबीसारखा खडबडीत: उभा वाढणारा गडगडाटी ढग. एका बाजूची कड चाकूनं कापल्यासारखी, दुसरीकडे पिसारा पसरलेला. जोराचा पाऊस बहुधा कापलेल्या कडेकडे असतो, पिसाऱ्याखाली नुसतं सावट. लागोपाठची दोन चित्रं बघा. अर्ध्या तासात पांढरा ठिपका दुप्पट झाला तर ढग जिवंत आहे.

व्हिजिबलमध्ये पांढरा आणि सपाट, इन्फ्रारेडमध्ये मातकट करडा, जवळपास जमिनीसारखाच: खालचा थर, नाहीतर धुकं. द्राक्षाचा वैरी हाच. माथा जमिनीपासून फार वर नसतो, त्यामुळे तापमानात फरक पडत नाही आणि रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये तो दिसतच नाही. ‘आकाश साफ आहे’ म्हणून माणूस झोपतो. पहाटे मांडवाच्या तारेला थेंब लटकलेले, पानं ओलीचिंब. डाऊनीला बीजाणू धरायला रात्रीचा चारेक तास अंधार आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता पुरते, पाऊस पडलाच पाहिजे असं नाही. आठवड्याभरात पानावर पिवळसर तेलकट डाग, खाली पांढरी लव, आणि फुलोऱ्यातला घड गेला की तो परत येत नाही.

यावर उपाय आहे. हवामान विभागाच्या चित्रांत ‘नाईट मायक्रोफिजिक्स’ नावाचं एक रंगीत चित्र असतं. खालचा ढग आणि धुकं त्यात फिकट हिरवट-निळसर दिसतं, उंच जाड ढग गडद तांबूस. झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा तेवढं बघा. वॉटर व्हेपरच्या (हवेतल्या वाफेच्या) चित्राच्या नादी लागू नका. ते वरच्या आणि मधल्या थराची ओल दाखवतं, तुमच्या वेलीजवळची नाही.

आणखी एक. इन्फ्रारेड चित्राचा सगळ्यात बारीक ठिपका (पिक्सेल) चार किलोमीटर बाय चार, म्हणजे जवळपास चार हजार एकर. त्यात आपली बाग शोधू नये. शिवाय उपग्रह विषुववृत्तावरून तिरका बघतो, म्हणून बारा किलोमीटर उंच ढगाचा माथा नाशिक भागात खऱ्या जागेपेक्षा सुमारे पाच किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. ढग उत्तरेच्या शिवारात दिसतोय म्हणून निर्धास्त होऊ नका.

फवारणीचं:

खालचा थर किंवा पाऊस येणार असं दिसलं तर मँकोझेब ७५ डब्ल्यूपी हे भुकटीतलं बुरशीनाशक, २ ग्रॅम प्रति लिटर, पाऊस यायच्या आधी, पानं कोरडी असताना. वाळायला चार-पाच तास मिळावेत असा माझा अंदाज. जमीन ओली, ट्रॅक्टर रुतत असेल तर मँकोझेबची धुरळणी, एकरी ३ ते ५ किलो. आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारं) औषध डाग दिसल्यावर किंवा बाग सलग ओली राहिल्यावरच, लेबलवरच्या मात्रेत, आणि तेच तेच लागोपाठ नको. दुकानदार चित्र दाखवून तीन बाटल्यांचं ‘पावसाळी किट’ पुढे करेल, वर एक टॉनिक आणि महागडा स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण). त्याला विचारा, हे कोणत्या चॅनेलचं, किती वाजताचं? बहुतेकांना सांगता येत नाही. ढगाळ दिवसांत टॉनिकनं कोवळी फूट वाढते, आणि डाऊनीला कोवळंच लागतं.

बाकीची कामं:
- फुटींची विरळणी, बगलफुटी काढणे
- ढगाळ दिवसांत ठिबक कमी, नत्र बंद
- बागेतले चर मोकळे करणे
- निर्यातीच्या बागेत काढणीपूर्व अंतराची (शेवटची फवारणी ते काढणी यांतल्या दिवसांची) नोंद
- कांदा रोपवाटिकेत पाणी साचू न देणे. करप्यासाठी मँकोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर, स्टिकरसह
- काढलेला मका, सोयाबीन ताडपत्रीखाली

गारांबद्दल एवढंच. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिकच्या निफाड भागात गारपीट झाली. असा ढग उठला की फवारून काही होत नाही, ‘गारपीट-रोधक’ म्हणून विकलं जाणारं कुठलंही द्रावण घेऊ नका. दुपारी दोननंतर दर अर्ध्या तासाचं चित्र बघा, फोनमध्ये विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप चालू ठेवा. ठिपका वाढत आपल्याकडे सरकताना दिसला तर मजुरांना लोखंडी मांडवाखालून ताबडतोब बाहेर काढून पक्क्या घरात न्या. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण घेतलं असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते, त्यामुळे घडांचे फोटो त्याच दिवशी काढा.