अंगणवाडीचा दर्जा कसा तपासावा : पालक आणि ग्रामपंचायत सदस्यांसाठी मार्गदर्शन

सार्वजनिक पैशावर चालणारे बालशिक्षण आपल्याकडे प्रामुख्याने अंगणवाडीतून दिले जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. शालापूर्व शिक्षण हा तिच्या सहा सेवांपैकी एक भाग असला, तरी तपासणीच्या वेळी बहुतेक जण आहाराच्या नोंदी आणि वजनाचे तक्ते पाहून परततात आणि मूल त्या दोन-तीन तासांत काय करते, याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. त्यामुळे अंगणवाडी पाहताना सुरुवात मुलांपासून करावी आणि रजिस्टर सर्वांत शेवटी उघडावे.

मोजण्यासाठी आधार हवा. २०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरणात ज्या बाबींवर तडजोड करता येणार नाही, अशा किमान अटी दिल्या आहेत. कार्यक्रम तीन ते चार तासांचा असावा, तीस मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर मोकळी जागा असावी, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती असावी, शिकवणे मातृभाषेतून किंवा स्थानिक बोलीतून व्हावे, आणि मुलांना क्षणभरही एकटे सोडू नये, या त्यांतल्या प्रमुख अटी होत. मुलामुलींना वापरता येतील अशी वेगवेगळी स्वच्छतागृहे, हात धुण्याची सोय, सुरक्षित पाणी, स्वयंपाकासाठी वेगळी जागा आणि प्रथमोपचार पेटी यांचाही त्यांत समावेश आहे.

जागेचे गणित घरी करता येते. ३५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३७५ चौरस फूट. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ १८० चौरस फूट भरते, म्हणजे त्या खोलीत चौदा-पंधरा मुलेच नीट बसू शकतात. पटावर तीस मुले असतील, तर निम्म्या मुलांची जागा कमी आहे हे टेप लावून कागदावर मांडता येते, आणि असा आकडा हातात असला की ग्रामसभेत वाद उरत नाही. प्रौढांच्या प्रमाणाबाबत एक काळजी घ्यावी. मदतनीस चुलीजवळ असताना तिला मुलांसोबतची व्यक्ती म्हणून मोजू नये. पटावर बत्तीस मुले असतील आणि खोलीत सेविका एकटीच असेल, तर त्या वेळेपुरता निकष पाळला जात नाही, अशी नोंद करावी.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याला किमान एक तास द्यावा. आधी कळवून, पण कोणतीही वेगळी तयारी करू नये अशी विनंती करून, एका कोपऱ्यात शांत बसावे. मुले किती वेळ स्वतः काही करतात, किती वेळ नुसती बसून असतात आणि सेविका त्यांना ठरलेले उत्तर नसलेले प्रश्न विचारते का, हे पाहावे. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला सगळी मुले एका सुरात उत्तर देतात, ‘तुझ्या मते असे का झाले असेल?’ या प्रश्नाला मात्र प्रत्येकाला स्वतःचे काही सांगावे लागते. वर्गात मणी ओवणे, ठोकळे, बडबडगीत, गोष्ट, मातीकाम आणि मैदानी खेळ यांना रोज जागा आहे का, आणि खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली आहेत का, की कपाटाला कुलूप आहे, हेही टिपावे. मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारमधील भिली बोलणाऱ्या मुलाशी पहिल्या दिवसापासून केवळ प्रमाण मराठीत बोलले जात असेल, तर खोली कितीही रंगवलेली असली तरी भाषेचा निकष पाळला जात नाही.

येथे पालकांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. चार वर्षांच्या मुलाकडून बाराखडी गिरवून घेतली जाते म्हणून अंगणवाडी चांगली, हा समज उलटा आहे. खासगी नर्सरीशी तुलना करून सेविकेवर पाटी-पेन्सिलीचा दबाव आणणारे पालकच अनेकदा मुलाचा खेळ हिरावून घेतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ या उपक्रमात रोज किमान दोन तास शालापूर्व शिक्षण अपेक्षित आहे आणि त्यासाठीचा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम खेळावरच उभा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू करून पुढे कोसबाडला वाढवले, तेव्हाही परिसरातील बिया, पाने आणि शिंपले हीच त्यांची साधने होती. त्यामुळे साधने विकत घेण्यासाठी निधी नाही, हे कारण पूर्णपणे मान्य करण्याची गरज नाही.

आहार आणि वाढ यांची तपासणी लवकर आटोपते, परंतु ती नेमकी करावी लागते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. आहार वर्षातून ३०० दिवस मिळणे अपेक्षित असल्याने मागील महिन्याचे वाटपाचे दिवस मोजावेत. वजनकाटा रिकामा असताना शून्य दाखवतो का, हे पाहून त्यावर दुकानातील पाच किलोचे माप ठेवावे. काटा चुकला की ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवरील वजनाच्या सगळ्या नोंदी चुकतात. दोन वर्षांखालील बालकाची लांबी झोपवून आणि त्याहून मोठ्या बालकाची उंची उभे करून मोजली जाते का, तेही पाहावे. दंडाचा घेर सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकात ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आढळल्यास ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. अशा बालकाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवण्याची व्यवस्था झाली पाहिजे.

नोंदी झाल्यावर त्रुटी ज्याच्या अखत्यारीत आहे, त्याच्याकडेच लेखी मांडावी. इमारत, पाणी आणि स्वच्छतागृह यांसाठी ग्रामपंचायतीकडे ठराव द्यावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करणे अपेक्षित असल्याचे त्यात नमूद करावे. शिकवण्याच्या पद्धतीबाबत पर्यवेक्षिकेशी बोलावे. रिक्त पदे आणि साहित्य यांसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र द्यावे. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, कारण त्यावर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

पत्रात सेविकेच्या चुकांची यादी करू नये. सेविका मानधनावर काम करते आणि सर्वेक्षणापासून लसीकरणाच्या दिवसापर्यंत अनेक कामे तिच्याकडे असतात. त्यामुळे मुलांसाठीचा वेळ नेमका कोणत्या कामाने कमी झाला, हे तिलाच विचारून त्या कामाचे नाव पत्रात लिहावे. ती पत्राची प्रत वाचून सही करायला तयार असेल, तर ते पत्र प्रकल्प कार्यालयात अधिक गांभीर्याने घेतले जाण्याची शक्यता वाढते. पुढील भेट तीन महिन्यांनी ठेवावी, तीच वही बरोबर न्यावी आणि मागच्या वेळी कोपऱ्यात गप्प बसलेले मूल आता काय करते, हे सर्वांत आधी पाहावे.