येडशीचं जंगल ते मांजराचा काठ: काळ्या रानात गाडी न फसवता

समुद्र मराठवाड्याच्या वाट्याला आला नाही. आपला किनारा धरणाचाच. त्यामुळे फोर बाय फोर गाड्या घेऊन जायचा आमचा ठरलेला मार्ग असा: सकाळी येडशी-रामलिंग घाट, मग कळंबवरून मांजरा धरणाच्या फुगवट्याचा (मागे साचलेल्या पाण्याचा) काठ आणि अंधाराच्या आत घरी. किमान तीन गाड्या असाव्यात, एकट्याने जायचं नाही.

जंगलाचं थोडक्यात सांगतो. रामलिंगचा परिसर अभयारण्यात आहे. मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यावरून चाक खाली उतरवायचं नाही, माकडांना बिस्किटं द्यायची नाहीत. पुढे मुरमाच्या पांदण रस्त्याला फोर लो (चारही चाकांना ताकद, पण चाल हळू), दुसरा गिअर, आणि ब्रेकवरचा पाय उचललेला.

आता काठ. इथे भल्याभल्यांची जिरते, माझीही जिरली आहे.

पाणी मागे सरकलं की काळा गाळ उघडा पडतो. वरून वाळतो, भेगा पडतात, अगदी फरशीसारखा दिसतो, आणि चार बोटं खाली लोणी असतं. पहिल्या वेळी मी त्या भेगांवर विसंबून गाडी घातली. चाक फिरायला लागल्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "रेस दे, रेस दे!" मी दिली. दोन मिनिटांत गाडी पोटावर टेकली. ट्रॅक्टर यायला तीन तास लागले, आणि आल्यावर तोही फसला. "रेस दे" म्हणणाऱ्याला तेव्हापासून मी शेवटच्या गाडीत बसवतो.

म्हणून आधी उतरा आणि अनवाणी चाला. जाड काठी दाबून बघा. शेजारच्या रानातल्या माणसाला "वाफसा आलाय का?", म्हणजे जमीन पाय न रुतण्याइतकी सुकली का, एवढं विचारा, तो नाही म्हणाला तर फोर बाय फोरचा बिल्ला काही कामाचा नाही. त्याची गाळपेर (उघड्या गाळात केलेली पेरणी) तुडवायची नाही, हे सांगायला लागू नये. पाण्याच्या कडेला तर जायचंच नाही, फोटोसाठीसुद्धा.

टायरची हवा 30 पीएसआयवरून 18-20 वर आणा. पण हवा कमी केली की सगळं जमतं हा सल्ला वाळूचा आहे. काळी माती टायरच्या खाचा बुजवते, मग टायर गुळगुळीत गोळा होतो आणि कितीही हवा काढा, पकड येत नाही. फोर लो, दुसरा किंवा तिसरा गिअर, एकसारखी चाल. मध्ये थांबायचं नाही, झटक्यात वळायचं नाही.

तरी चाक जागेवर फिरलंच, तर त्याच क्षणी पाय काढा. आलेल्या चाकोरीतूनच मागे या. नाहीच आली तर चाकांमागची आणि पोटाखालची माती फावड्याने काढा, चाकांखाली तुराट्या घाला. मालकाला विचारून, आणि कडबा नको, तो जनावरांचा घास आहे. टोचन, म्हणजे ओढायचा पट्टा, चेसिसच्या हुकलाच, बंपरला कधीही नाही. पट्ट्यावर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना लांब हाकला. तुटलेला पट्टा माणूस बघत नाही. ओढायचं ते मागे, जिकडून आलात तिकडे.

डांबरीवर चढण्याआधी हवा भरा, फोर व्हील काढून टू व्हील ड्राइव्हवर या. घरी गेल्यावर रिमची आतली बाजू त्याच संध्याकाळी धुवा. तिथे एकीकडे चिखल वाळला की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक उगाच अलाइनमेंटला पैसे घालतात.